मग काय झालं?

आमच्या घरात ‘सत्तर रुपये वारले’ हे वाक्य पस्तीसेक वर्षं वापरात आहे. भाजीवाल्याकडे सुटे राहिले, भिशीचा हप्ता कुणी बुडवला, बिटकोवरून जेलरोडला येताना रिक्षावाल्यानं उरलेले पाच रुपये दिलेच नाहीत, की कुणीतरी चेहरा पाडून म्हणायचं, ‘वारले.’ विषय संपला. आणि मागच्या श्रावणातल्या एका रविवारी असं उघडकीस आलं, की ज्या माझ्या धाकट्या भावानं हे वाक्य घरात आणलं, त्यानं ‘अशी ही बनवाबनवी’तला तो प्रसंग कधी बघितलेलाच नव्हता.

माझ्या लेकीनं मोबाईल टीव्हीला जोडून सिनेमा पहिल्यापासून लावला होता. अशोक सराफ, समोर घरमालक सुधीर जोशी, मधुमेहाचं औषध, वारलेला मित्र आणि त्याच्याबरोबर वारलेले सत्तर रुपये. भाऊ हातातला शेंगदाणा तसाच धरून ताठ बसला. “हे असं आहे होय!” वय वर्षं त्रेचाळीस. त्याच्यापुरता हा सिनेमा लक्ष्मीकांत बेर्डे आणि सचिन साड्या नेसून झाल्यावरच सुरू व्हायचा. ते साड्या का नेसले, तर भाड्याच्या खोलीसाठी, हे त्याला माहीत होतं. पण ते आईनं सांगितलेलं. आणि वारलेले रुपये शाळेत कुणीतरी सांगितलेले. १९८८चा सिनेमा, निदान वीस वेळा बघितलेला, आणि पहिला अर्धा तास सगळा ऐकीव!

मग मी मोजायला लागले. माझ्याकडे असे सुरुवात चुकलेले सिनेमे भरपूर निघाले.

त्याला कारणं होती. आमच्या लहानपणी शनिवारी संध्याकाळी दूरदर्शनवर मराठी सिनेमा असायचा, रविवारी हिंदी. आमच्याकडे टीव्ही उशिरा आला, लाकडी सरकत्या दाराचा, ब्लॅक अँड व्हाइट. बाबा प्रेसमध्ये होते. नाशिकरोडला नुसतं ‘प्रेस’ म्हटलं की पुरतं, वर्तमानपत्राची प्रेस कुणाच्या मनातही येत नाही. नोटा छापणाऱ्यांच्या घरी टीव्ही इतका उशिरा का, असं मी एकदा विचारलं, तर बाबा म्हणाले, “बाहेर पडताना झडती घेतात गं.” तर टीव्ही आला, पण सिनेमाची वेळ आणि दिवेलागणीची वेळ एकच. आजीचा नियम कडक होता: देवाजवळ दिवा लागला की टीव्हीचं दार बंद. शुभंकरोति, मग पाढे, मग रामरक्षा. रामरक्षा संपवून दार उघडावं तर पडद्यावर नायकाचं लग्न झालेलं, बापाला झटका आलेला, आणि निळू फुले आधीपासूनच कुणावर तरी डोळा ठेवून बसलेले. नळाला पाणी त्याच वेळी यायचं. गच्चीतल्या अँटेनावर कावळा त्याच वेळी बसायचा. भाऊ वर जाऊन दांडा फिरवायचा आणि खालून आम्ही ओरडायचो, “आलं… आलं… गेलं!” त्याचा म्हणून जो सिनेमा चुकला, तो आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त. वीस वर्षांच्या सिनेमाज्ञानातला बराचसा भाग त्यानं गच्चीवरून कानांनी मिळवलेला आहे.

शिवाय लाईट. गच्चीवरून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची धुरांडी दिसायची. धूर व्यवस्थित चालू, आणि आमच्या लाइनीत मिट्ट काळोख. “वीज इथं जन्माला येते, नांदायला दुसरीकडे जाते,” असं बाबा म्हणायचे. आजीला ते फार आवडायचं.

तर अशा वेळी आई सांगायची. “मग काय झालं?” हा आमचा प्रश्न आणि तिचं सुरू. तिनं बरेच सिनेमे लग्नाआधी थेटरात बघितले होते, काही लग्नानंतर मैत्रिणींबरोबर चोरून. ती गोष्ट सांगताना हात थांबायचे नाहीत, भाजी निवडणं, वाती वळणं, काही ना काही चालू. गाणी ती गाळायची. मारामारी एका वाक्यात: “मग त्यानं त्याला धुतलं.” पण साड्या, दागिने, कुणाचं घर कसं होतं, खिडकीला पडदे कुठले, हे सगळं तपशीलवार. काही सिनेमे पुढे प्रत्यक्ष बघितल्यावर माझा विरस झाला, कारण आईच्या सांगण्यात ते चांगले होते. नावं घेत नाही. एका कौटुंबिक चित्रपटातली सासू आईनं इतकी जिवंत उभी केली होती, की पडद्यावरची सासू मला हिची नक्कल करतेय असं वाटलं.

शेवटही चुकायचे, पण ते नंतर, गणपतीत. मंडळाकडून कलर टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं यायचा आणि एका रात्रीत तीन कॅसेट संपवायच्या असायच्या, कारण सकाळी तो माणूस सामान न्यायला हजर. पहिला सिनेमा देवाधर्माचा, म्हातारी माणसं जागी असेपर्यंत. दुसरा ‘माहेरची साडी’सारखा. त्या १९९१-९२च्या सुमारास आमच्या लाइनीतल्या सगळ्या बायकांनी एकाच वेळी पदर डोळ्यांना लावलेला मी चटईवरून बघितलाय. तिसरा लागेपर्यंत पहाटेचे तीन. पुढे एका गणपतीत महेश कोठारेंचा ‘झपाटलेला’ असाच तिसऱ्या नंबरला लागला आणि मी मध्येच झोपले. माझ्यापुरता तात्या विंचू त्यामुळे अजून जिवंत आहे. आजही त्या सिनेमाला कुणी विनोदी म्हटलं की मी गप्प बसते.

आता सगळं उलटं झालंय. आता कुठल्याही सिनेमाची सुरुवात अंगठ्याखाली आहे, आणि लेकीची पिढी काय करते, तर सुरुवात ओलांडायचं बटण दाबते. मालिकेची नावं नकोत, मागच्या भागाची उजळणी नको. वर पुन्हा वेग दीडपट. एकदा तिनं आजीआजोबांना म्हणून प्रभातचा ‘संत तुकाराम’ लावून दिला आणि वेग पूर्ववत करायला विसरली. विष्णुपंत पागनीस अशा लगबगीनं अभंग म्हणायला लागले की जणू पंढरपूरची शेवटची एसटी सुटतेय. बाबांना ऐकू कमी येतं, त्यांना काही वावगं वाटलं नाही. आई दहा मिनिटांनी म्हणाली, “हे मागं असे नव्हते.”

वेग उतरवून तो सिनेमा आम्ही सगळा बघितला. हा १९३६चा. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला, वगैरे मला पाठ होतं. पण नीट, सलग, पहिल्या फ्रेमपासून मीही पहिल्यांदाच बघत होते. आजी होती तेव्हा पागनीस दिसले की ती हात जोडायची. त्यामुळे आमच्याकडे हा सिनेमा बघायचा नसायचा, दर्शनाचा असायचा, आणि दर्शनात कुणी मत देत नाही. या वेळी आईनं दिलं. “पिक्चर हिचाच आहे,” असं ती जिजाईकडे बोट करून म्हणाली. गौरीबाईंनी केलेली ती जिजाई! घरात दाणा नाही, पोरं आजारी, नवरा विठ्ठलाच्या नादी, म्हशीपासून देवापर्यंत सगळ्यांशी भांडण तिला एकटीला करायचंय. आणि प्रेमही तिचंच सगळ्यात खणखणीत. पागनीस सुंदरच आहेत, त्यांच्या चेहऱ्यावरची ती निरागस शांतता आजच्या कुणाला आणता येईल असं मला वाटत नाही. पण शेवटी विमान येतं, तुकाराम वैकुंठाला जातात, आणि ही खाली राहते, तेव्हा माझी नजर विमानाकडे गेलीच नाही.

जुना सिनेमा घरी बघण्यातली एक गंमत आवाजाची आहे. व्ही. शांताराम यांचा १९३७चा ‘कुंकू’ आम्ही लावला तेव्हा बाबा सुरुवातीपासून रिमोटशी झटत होते. “म्युझिक येत नाहीये. प्रिंट खराब दिसते.” मी म्हटलं, प्रिंटमध्ये दोष नाही, त्या सिनेमाला पार्श्वसंगीतच नाही. घड्याळाची टिकटिक, भांड्यांचे आवाज, रस्त्यावरचे आवाज, जे त्या घरात ऐकू येईल तेवढंच. बाबांचा विश्वास बसेना. पण गंमत बघा, तासाभरानं तेच म्हणाले, “ते घड्याळ बंद करा रे, छातीत धडधडतं.” म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा आणि भिंतीवरचं ते घड्याळ. संगीत असतं तर आम्हाला रडायचं कुठं ते कळलं असतं. नव्हतं, म्हणून शांता आपटे काय करतेय तिकडे लक्ष द्यावं लागलं. ती लग्न मानतच नाही! ओरडत नाही, पळून जात नाही, नुसती मानत नाही. त्या वकिलाच्या समाजसेविका मुलीचं काम शकुंतला परांजपे यांनी केलंय, सई परांजपे यांच्या आई. हे कळल्यावर लेकीनं फोन खाली ठेवला. सईंचा ‘चश्मेबद्दूर’ तिचा आवडता आहे.

दुसरा आवाजाचा किस्सा ‘सैराट’चा. २०१६ साली तो मी थेटरात बघितला होता, नागराज मंजुळेंनी शेवटी सगळा आवाज काढून घेतला तेव्हा शेकडो माणसं श्वास रोखून बसलेली अनुभवली होती. घरी टीव्हीवर तोच शेवट आला. ते लहान मूल, ती पावलं, आणि शांतता. बाबांनी शांतपणे रिमोट उचलला आणि आवाज वाढवायला सुरुवात केली. वीस, तीस, पन्नास. मी ‘बाबा, थांबा’ म्हणेपर्यंत सिनेमा संपला आणि पन्नासच्या आवाजात कपडे धुण्याच्या पावडरीची जाहिरात आली. खालच्या मजल्यावरचे काका धावत वर आले. थेटरात झालेला परिणाम तो, आणि घरात झालेला हा. आता माझ्या आठवणीत दोन्ही एकमेकांना चिकटलेत, वेगळे करता येत नाहीत.

नवे सिनेमे लेक लावते. किरण राव यांचा ‘लापता लेडीज’ तिनं लावला. रेल्वेच्या डब्यात घुंघटामुळे दोन नवऱ्या बदलतात, आणि त्यातली फूल नवऱ्याचं नाव घेत नाही, सासरच्या गावाचं नाव तिला धड ठाऊक नाही. लेक चिडली. “असं कोण असतं?” आई म्हणाली, “आम्ही होतो की. पण आमच्यात निदान उखाणा होता. स्टेशनमास्तरपुढं घेतला असता एखादा.” आणि मग तिनं खरोखर घेऊन दाखवला, यमक ‘फलाटा’चं जुळवून, बाबांचं नाव पहिल्यासारखं लाजून. तो इथं देणार नाही, बाबा हा लेख वाचतात. सिनेमा मला आवडला, पण थोडा फार गोडसर आहे, सगळ्यांचं सगळं भलं होतं. छाया कदम नसती तर पाक अंगावर आला असता. तिची स्टेशनवरची मंजूमाई तोंडातला गोडवा बरोब्बर कापते.

मल्याळी ‘द ग्रेट इंडियन किचन’ मात्र आईनं एका बैठकीत बघितला. त्यात गोष्ट अशी नाहीच फारशी. चिरणं, शिजवणं, वाढणं, उष्टी उचलणं, पुन्हा चिरणं. सिंकखालचा पाइप गळतोय, ती नवऱ्याला सांगतेय, तो विसरतोय. भाषा कळत नव्हती, खालच्या ओळी आईला वाचवत नव्हत्या, तरी तिनं एकदाही ‘मग काय झालं’ विचारलं नाही. मध्येच एकदा म्हणाली, “प्लंबर बोलावला असता तर अर्धा पिक्चर वाचला असता.” आम्ही हसलो. शेवटी ती पोरगी ते घाण पाणी नवऱ्यासासऱ्यावर फेकून घराबाहेर पडते, तेव्हा आई “हीपण गेली” एवढंच म्हणाली आणि उठली. ‘पण’ या शब्दाकडे तेव्हा माझं लक्ष गेलं नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या मोरीतला सहा महिने ठिबकणारा नळ दुरुस्त झाला. बाबांनी स्वतः माणूस बोलावला होता.

नाशिकच्या माणसाला सिनेमावर बोलायला थोडा जास्तच हक्क वाटतो, त्याला कारण दादासाहेब फाळके. त्र्यंबकेश्वरचा जन्म, १८७०. आणि १९४४ साली शेवटही नाशिकलाच. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, आमच्या प्रत्येक सहलीत ते असायचं आणि आमच्या लक्षात तिथली हिरवळ आणि डब्यातला चिवडाच राहायचा. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा बाबांचा सगळ्यात लाडका सिनेमा. परेश मोकाशींचा, २००९चा. नंदू माधव फाळके झालेत ते असे, की माणूस घरातलं सामान विकतोय तरी बघणाऱ्याला त्याचा रागच येत नाही. माझी एक बारीक तक्रार आहे, फार हसतमुख आहे तो सिनेमा. यशापर्यंत येतो आणि थांबतो. पुढचे फाळके, कंपनीतली भांडणं, बोलपट आल्यावर मागे पडणं, सदुसष्टीत केलेला एकुलता एक बोलपट ‘गंगावतरण’, यातलं काही त्यात नाही. बाबांना मी हे म्हटलं तर ते म्हणाले, “कुठं थांबायचं ते सांगणाऱ्याला कळलं पाहिजे.” मला पटलं नाही. अजून पूर्ण पटलेलं नाही.

पण फाळक्यांवरून एक गोष्ट कळली आणि मला माझ्या अर्ध्यामुर्ध्या सिनेमांचं वाईट वाटेनासं झालं. १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’ची चार रिळं होती. पुण्याच्या फिल्म संग्रहालयात त्यातलं पहिलं आणि शेवटचं एवढंच उरलंय. आणि तीही मूळची नसून फाळक्यांनी १९१७ साली तोच चित्रपट पुन्हा केला त्याची असावीत, असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे. म्हणजे ज्याच्यापासून आपण मोजायला सुरुवात करतो, त्या सिनेमाचाच मधला भाग आपल्यापैकी कुणी बघितलेला नाही. राजा मुलाला धनुष्यबाण शिकवतोय, आणि मग एकदम शेवट. मधलं राज्यदान, वणवण, डोंबाघरचं पाणी हे सगळं आपण आजीकडून ऐकलेलं भरून घ्यायचं. आमच्या शनिवारसारखंच झालं की हे! त्यातली तारामती अण्णा साळुंके, म्हणजे पुरुषच. हॉटेलात स्वयंपाकाचं काम करणारे. बाई मिळेना म्हणून. ते बघून लेक म्हणाली, “बनवाबनवीतली पार्वती बरी होती.” पार्वतीला निदान भाड्याची खोली मिळवायची होती, हे मी तिला सांगितलं. साळुंके मात्र बिचारे गंभीरपणे करतायत.

आणि त्याच वर्षी पुढे फाळक्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवून ‘मोहिनी भस्मासुर’ केला, तेव्हा त्यांना बायका मिळाल्या, दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई. याच कमलाबाई गोखले म्हणजे विक्रम गोखले यांच्या आजी. हे माझ्या डोक्यात होतं म्हणून ‘गोदावरी’ बघताना मी एका ठिकाणी फसले. निखिल महाजन यांचा हा सिनेमा २०२२च्या नोव्हेंबरात आला. आपल्याच गंगेवर घडतो. नाशिककर गोदावरीला गोदावरी फक्त अर्जात लिहितो, तोंडानं ‘गंगेवर जाऊन येतो’ म्हणतो. आमच्या घरी पहिल्यांदा तो सिनेमा बघणं जमलंच नाही, पत्ता शोधायचा खेळ झाला. हा नारोशंकर, ती बोळ कापडपेठेकडून उतरते ती, छे, ती नव्हे, तिथं पाटी निळी आहे. बाबा टीव्हीजवळ जाऊन बोटानं दाखवत होते. जितेंद्र जोशी नदीवर चिडलेला आणि आमचं लक्ष मागच्या पायऱ्यांवर. पाणी कुठल्या पायरीला आहे यावरून गंगापूर धरणातून किती सोडलं असेल याची चर्चा. दुतोंड्या मारुती दिसला तेव्हा भाऊ म्हणाला, “कमरेच्या खाली आहे, काही घाबरायचं कारण नाही.”

दुसऱ्यांदा मी एकटीनं बघितला, रात्री, हेडफोन लावून. तेव्हा विक्रम गोखले दिसले, आजोबांच्या भूमिकेत. फार संवाद नाहीत. एकशेनऊ वर्षांपूर्वी ज्या गावात त्यांची आजी कॅमेऱ्यापुढे उभी राहिली, त्या गावात हे बसलेत. आणि सिनेमा लागल्यावर पंधरा दिवसांत गेले. मला सिनेमा नीट बघता आला नाही तो असा. ‘नटसम्राट’मध्येही तेच होते ना, नाना पाटेकरांसमोर, दवाखान्यात कर्ण आणि कृष्णाचा तो प्रसंग. माझ्या मते तो अख्खा सिनेमा त्या दहा मिनिटांसाठी ठेवावा, बाकीच्या आरडाओरड्याला माझी हरकत आहे. हे बोलायची आमच्या घरात सोय नाही, कारण तात्यासाहेब शिरवाडकर आमचे. बाबा लगेच सांगणार, “कुसुमाग्रज स्वतः पडद्यावर आले होते, माहितीये? इथल्या गोदावरी सिनेटोनच्या ‘सती सुलोचना’त लक्ष्मण झाले होते.” माहितीये बाबा. प्रत्येक ‘नटसम्राट’ला माहीत होतं.

तर ‘उंबरठा’.

जब्बार पटेलांचा, १९८२चा. माझ्या सुरुवात चुकलेल्या सिनेमांत हा उलटा आहे, याची सुरुवात मी बघितली होती. साधारण अकरा वर्षांची असेन. त्या शनिवारी रामरक्षा का कोण जाणे लवकर आटोपली होती. मोठ्या घरातली सून सुलभा, स्मिता पाटील, तिला महिलाश्रमात अधीक्षक म्हणून नोकरी मिळते आणि ती नवरा, लेक, सासू सगळ्यांना ठेवून जाते. आजी जपमाळ हातात घेऊन बघत होती आणि माळ हलत नव्हती. ‘सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या’ झालं. आश्रमातल्या त्या बायका, ते राजकारण, मला अर्धं कळत होतं. सुलभा नोकरी सोडून परत निघाली, आणि लाईट गेली.

बराच वेळ आली नाही. आईनं कंदील लावला. आजीनं अंधारात विचारलं, “मग काय झालं?”

आई म्हणाली, “मग ती घरी आली.”

“बरं झालं,” आजी म्हणाली आणि माळ फिरायला लागली.

पस्तीस वर्षं ‘उंबरठा’ माझ्या डोक्यात असा होता. बाई जाते, दुनिया बघते, परत येते. कॉलेजात एका मैत्रिणीशी मी त्यावरून वादही घातला होता, शेवटी तडजोडच केलीय म्हणून. तीही बघून आलेली नसावी, नाहीतर तिनं मला झोडपलं असतं. मोठी झाल्यावर तो पुन्हा बघायचं राहून गेलं, कारण मला तो माहीत होता.

यंदा जानेवारीत, मटारच्या दिवसांत, लेकीला स्मिता पाटील दाखवायची म्हणून मी तो लावला. आई खाली चटईवर शेंगा सोलत होती, बाबा आरामखुर्चीत डुलकी घेत होते. सुलभा घरी आली. तिथंच मी उठणार होते, चहा टाकायला. पण सिनेमा संपेना. सुलभाच्या लेकीला मोठ्या जाऊबाईंचा लळा लागलाय. नवरा सांगतोय की मधल्या काळात त्याच्या आयुष्यात दुसरी आहे, तो ते लपवत नाही आणि सोडणारही नाही, हिनं फक्त समजून घ्यायचं. गिरीश कार्नाड हे इतक्या सभ्यपणे सांगतात, की शिवी द्यायलाही जागा ठेवत नाहीत. आणि सुलभा पुन्हा निघते. या वेळी परत न येण्यासाठी.

मी आईकडे बघितलं. ती शेंगांकडे बघत होती.

“तू तर म्हणाली होतीस घरी आली म्हणून.”

“आली की.”

“आई!”

तिनं एक शेंग फोडली, दाणे पातेल्यात सोडले. “शेजारी तुझी आजी बसली होती. लाईट नव्हती, भाकरी टाकायच्या होत्या. तिला एवढं सगळं सांगत बसू?” मग थोड्या वेळानं, आपणहून, “मी बघितला होता तेव्हा खालच्या काकूंबरोबर गेले होते. हळदीकुंकवाला जाते सांगून. तीन ते सहाचा. परत येताना बसमध्ये आम्ही दोघी एक अक्षर बोललो नाही.”

“मग घरी येऊन?”

“घरी येऊन काय? तू रडत होतीस. तीन वर्षांची.”

खोटं ती बोलली नव्हती, एवढं खरं. गोष्ट पाच मिनिटं आधी थांबवली होती. मला बाबांचं ते फाळक्यांवरचं वाक्य आठवलं आणि मी आरामखुर्चीकडे बघितलं. नावं वर सरकायला लागली होती. लेकीनं नेहमीप्रमाणे बटण दाबलं नाही, तशीच बसून होती.

आवाज थांबल्यामुळे असेल, बाबा जागे झाले. चष्मा सारखा केला. “संपला का? मग काय झालं?”

आई म्हणाली, “गेली.”

“कुणाबरोबर?”

“एकटीच,” आई म्हणाली, आणि मटारचं पातेलं घेऊन आत गेली.